काकडीचे विमान आणि अकोल्याची एस.टी.

कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत वेतन, बोनस आणि संप यांवर बोलावे, विमानांशी त्याला काय कर्तव्य, असे काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, अलीकडे आमच्या कचेरीत येणाऱ्या माणसांपैकी काहीजण पगाराच्या चिठ्ठीऐवजी विमानाच्या तिकिटाचा कागद पुढे करतात. कोतुळचा मुलगा हैदराबादेस नोकरीवर रुजू व्हावयाचा असतो, राजूरची मुलगी परिचारिका म्हणून दिल्लीस मुलाखतीला निघालेली असते, कोणी आखाती देशात मोटार चालविण्यास जावयाचा असतो, कोणी लष्करातून रजेवर यावयाचा असतो. घरातील हा पहिलाच विमानप्रवास. तिकिटाचे पैसे दुधाच्या पगारातून साठविलेले, नाहीतर पतसंस्थेतून उचललेले. विमान चुकले तर सुखवस्तू माणसाचा एक दिवस वाया जातो. या मुलाची नोकरी जाते, आणि कर्ज मात्र राहते. म्हणून हा विषय.

आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. येथे जे सांगणार आहोत ते नियमांचे कागद वाचून, वेळापत्रके ताडून आणि लोकांबरोबर थांब्यावर उभे राहून जमविलेले आहे.

पहिली गोष्ट अशी की, प्रवास सहसा मधल्या वाटेत मोडत नाही. तो सांध्यावर मोडतो. अकोल्याहून संगमनेरला एस.टी. पोहोचतेच. हैदराबादेहून निघालेले विमान दिल्लीस उतरतेच. मोड येते ती एस.टी.तून उतरून विमानतळाच्या मोटारीत बसण्याच्या जागी, किंवा एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढण्याच्या जागी. आणि प्रत्येक सांध्यावर एक प्रश्न उभा असतो: येथे चुकामूक झाली तर नुकसान कोणाच्या डोक्यावर? काही सांध्यांवर ते कंपनीच्या डोक्यावर असते, पुष्कळ सांध्यांवर ते तुमच्या डोक्यावर असते. प्रवास आखणे म्हणजे हा हिशेब तिकीट काढण्याच्या आधी करणे. जेथे जोखीम आपली, तेथे वेळ सढळ ठेवावयाचा. जेथे ती दुसऱ्याची, तेथे थोडी ओढाताण चालते.

आता आपल्या तालुक्याची जागा पाहू. कोल्हार-घोटी राज्यमार्ग अकोल्यातून जातो. त्याच्या पूर्वेच्या टोकाकडे संगमनेर, तेथे नाशिक-पुणे महामार्ग; पश्चिमेच्या टोकाकडे राजूर, बारी आणि घोटी, तेथे मुंबई-आग्रा महामार्ग व इगतपुरीचे रेल्वे स्टेशन. म्हणजे अकोल्याच्या माणसाला आकाशाची चार दारे आहेत: काकडीचे शिर्डी विमानतळ, नाशिकजवळचे ओझर, पुण्याचे लोहगाव, आणि मुंबई. जवळचे दार तेच सोयीचे, असे मात्र नाही. (कंपनीच्या कारकुनाशी दूरध्वनीवर बोलताना ‘अकोले’ म्हटले की तो वऱ्हाडातील अकोला समजतो, आणि मग शेगावच्या गोष्टी करू लागतो. तेव्हा आधी संगमनेर सांगावे, मग अकोले.)

काकडी हे गाव कोपरगाव तालुक्यात, शिर्डीपासून सुमारे १४-१५ किलोमीटरवर. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने तेथे विमानतळ उभारले आणि १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धावपट्टी २,५०० मीटरची आहे, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे आसनांचे जेट विमान उतरू शकते. आपल्या दृष्टीने हे दार सर्वांत जवळचे. अकोल्याहून संगमनेर पाऊण तास, संगमनेरहून तळेगाव दिघेच्या बाजूने काकडी तासाभराची वाट. परंतु हे विमानतळ भाविकांसाठी बांधलेले आहे, आणि तेथील सारी वाहनव्यवस्था शिर्डीकडे तोंड करून उभी असते. उतरल्याबरोबर ‘शिर्डी, शिर्डी’ म्हणून पुकारा होतो. संगमनेर-अकोल्याकडे येणारे वाहन तेथे आयते मिळेल असे धरून चालू नये. ते आधीच ठरवून ठेवावे, किंवा घरच्या कोणाला बोलावावे. गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा या दिवशी शिर्डीच्या आसपासचे रस्ते व मोटारभाडे दोन्ही आपल्या हातात राहत नाहीत.

काकडीची दुसरी गोष्ट दृश्यमानतेची. विमान उतरविताना वैमानिकाला धावपट्टी किती अंतरावरून दिसली पाहिजे, हे विमानतळावरील उपकरणांवर अवलंबून असते. उपकरणे चांगली असतील तर धुक्यातही विमान उतरते. ती नसतील तर वैमानिकाला स्वतःच्या नजरेवर उतरावे लागते, आणि त्यासाठी पाच किलोमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसावे लागते. २०१९च्या नोव्हेंबर-डिसेंबरात काकडी येथे हीच अडचण आली आणि जवळजवळ महिनाभर विमाने बंद राहिली. लग्नसराई आणि नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर लोकांना पुणे-मुंबई गाठावी लागली. पुढे सुधारणा झाल्या. २०२५च्या मार्चअखेर, गुढीपाडव्याच्या सुमारास, तेथे रात्रीही विमान उतरू लागले. ही मोठी सोय झाली. परंतु रात्री साडेनऊला उतरलेल्या माणसाला राजूरला कसे न्यावयाचे, हा नवा प्रश्नही तिने आणला. त्याकडे पुढे येऊ.

ओझरचे विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्याचे. १९६४ साली मिग विमानांसाठी तो कारखाना स्थापन झाला आणि प्रवाशांची इमारत त्याच्या पन्नास वर्षांनंतर, २०१४ मध्ये आली. अकोल्याहून तेथे दोन वाटांनी जाता येते: संगमनेरवरून महामार्गाने, किंवा देवठाणकडून सिन्नरला निघणाऱ्या वाटेने. दोन्ही वाटा सिन्नरला मिळतात आणि नाशिकच्या द्वारका चौकात अडकतात. ओझर शहराच्या पलीकडे, सुमारे २० किलोमीटरवर आहे; म्हणजे नाशिक आले म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही, अजून पाऊण तास हवा. २०२६-२७च्या सिंहस्थात तर या चौकाचा हिशेब तासांत करावा लागेल.

पुण्याचे लोहगाव हे हवाई दलाचे तळ आहे. विमाने पुष्कळ आणि गावे पुष्कळ, हा त्याचा गुण. चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर येथवर गाडी ठीक जाते. चाकणला कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी ती किती वेळ उभी राहील हे कोणी सांगू शकत नाही. आमचा नेम असा की, पुण्याचे विमान असेल तर चाकणसाठी वेगळा एक तास धरावयाचा. तो वाचला तर विमानतळावर वर्तमानपत्र वाचावे.

मुंबईची वाट आपल्या लोकांना महाग वाटते, कारण ते ती भाडोत्री मोटारीने करतात. स्वस्त वाट आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊक नाही. राजूर-घोटीवरून इगतपुरी वा कसारा गाठावे. कसाऱ्याहून जलद लोकलने घाटकोपरला सुमारे दोन तासांत उतरावे. घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो २०१४ पासून चालू आहे. तिने मरोळ नाक्याला यावे. तेथे दुसरी, भुयारी मेट्रो मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला आणि विमानतळाच्या दोन्ही इमारतींखाली तिची स्थानके आहेत: मरोळ नाक्यानंतरचेच स्थानक टर्मिनल दोनचे, आणि आणखी दोन स्थानके पुढे टर्मिनल एक. वाटेत एकही टॅक्सी नाही. मात्र रात्री उशिरा व पहाटे मेट्रो नसते, आणि दोन मोठ्या ट्रंका घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरणे म्हातारीकोतारीचे काम नव्हे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून मोटारीची वाटही घाटाच्या बाबतीत सुटली आहे. कसाऱ्याचा घाट आता बोगद्यातून जातो. परंतु आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहे तशीच आहे. दुचाकीला त्या मार्गावर बंदी आहे, हेही तरुणांनी लक्षात ठेवावे.

मुंबईच्या बाबतीत एक नवा घोटाळा झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात तेथून प्रवासी विमाने सुरू झाली. आता ‘मुंबई’ एवढ्या शब्दावर भागत नाही. तिकिटावर तीन इंग्रजी अक्षरांचे चिन्ह असते: बीओएम म्हणजे जुने सांताक्रूझ-सहारचे, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचे. तसेच एसएजी म्हणजे शिर्डी, आयएसके म्हणजे नाशिक, पीएनक्यू म्हणजे पुणे. एका विमानाने बीओएमला उतरून दुसरे एनएमआयहून पकडावयाचे असेल, तर त्यांच्यामध्ये सारी मुंबई पसरलेली आहे. स्वस्त दिसते म्हणून असे तिकीट दलालाने गळ्यात मारले, तर ते घेऊ नये.

आता तिकिटाच्या सांध्याकडे वळू. सांगण्यासारखे खरे येथेच आहे.

समजा, शिर्डीहून हैदराबाद आणि हैदराबादेहून मस्कत असा प्रवास आहे. तो दोन रीतींनी घेता येतो. एक, दोन्ही विमाने एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआर क्रमांकाखाली. दुसरी, दोन वेगवेगळी तिकिटे, बहुधा दोन वेगळ्या कंपन्यांची. दुसरी रीत पुष्कळदा हजार-दोन हजार रुपयांनी स्वस्त दिसते, आणि आपली माणसे तीच घेतात. वरवर पाहता दोन्हींत काही भेद नाही. कायद्याने मात्र भेद मोठा आहे. एकच तिकीट असेल तर तुमचा करार शिर्डी ते मस्कत असा एकच झाला. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर तुम्हाला पुढे पोहोचविणे हे कंपनीचे काम. सामान शिर्डीला दिले की, व्यवस्था असेल तेथे, ते थेट शेवटच्या ठिकाणी मिळते. दोन तिकिटे असतील तर करारही दोन. पहिली कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला हैदराबादला आणले, उशिरा का होईना. दुसरी म्हणते, तुम्ही वेळेवर आला नाहीत. दोघेही खरे बोलतात आणि मधल्या मध्ये तिकीट बुडते. सामानही हैदराबादला पट्ट्यावरून उचलून, बाहेर येऊन, पुन्हा रांगेत लावावे लागते. आमच्या परिचयातील एका तरुणाचे असेच झाले. पहिले विमान दीड तास उशिरा निघाले आणि नोकरीवर रुजू होण्याचा दिवस विमानतळाच्या बाकावर गेला. दोन्ही कंपन्यांनी नियमावर बोट ठेवले, आणि नियम त्यांच्या बाजूचा होता.

मजुराला ठेकेदार आणि पोटठेकेदार यांच्यामधला खेळ ठाऊक असतो. हाही तोच खेळ आहे. वेतन कोणाकडे मागावयाचे हे ज्याला करार करण्याच्या वेळी कळते, त्याचेच वेतन मिळते.

म्हणून आमचा सल्ला असा की, परदेशी जावयाचे असेल, नोकरीवर रुजू व्हावयाचे असेल, परीक्षा किंवा मुलाखत असेल, तर तिकीट एकच घ्यावे. दोन घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर देशातल्या देशात मध्ये निदान चार तास, आणि परदेशी विमानासाठी मध्ये एक रात्र ठेवावी. रात्र काढण्याचा खर्च बुडालेल्या तिकिटापेक्षा कमीच येतो. परदेशाहून परतताना मात्र तिकीट एक असले तरी, भारतातील पहिल्या विमानतळावर सामान घेऊन जकातीतून जावे लागते व ते पुन्हा द्यावे लागते. तेव्हा तेथे तीन तास हवेतच. दहावी न झालेल्यांच्या पारपत्रावर बहुधा उत्प्रवासाच्या परवान्याची अट असते आणि आखातात कामाला जाण्यापूर्वी तो परवाना लागतो. तो नसेल तर विमान वेळेवर असूनही माणूस जात नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम प्रवाशाला काही हक्क देतात, आणि ते आपल्या लोकांनी कामगार कायद्याइतकेच पाठ करावेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास वा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर आलेल्या प्रवाशाला खाणेपिणे कंपनीने द्यावयाचे. सहा तासांहून अधिक उशीर असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतून प्रवाशाने निवडावयाचे. विमान रद्द करावयाचे तर दोन आठवडे आधी कळवावयाचे. वेळेवर न कळविता रद्द केले, किंवा एकाच तिकिटावरचे पुढले विमान कंपनीमुळे चुकले, तर भरपाई मिळते: तासाभराच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यावर १०,०००, किंवा मूळ भाडे व इंधन आकार मिळून होणारी रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते. हवामान, दंगल, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर भरपाई नाही. ‘एकाच तिकिटावरचे’ हे शब्द पुन्हा वाचावेत.

त्याच नियमात एक बारीक कलम आहे. आरक्षणाच्या वेळी प्रवाशाने संपर्काचा पुरेसा पत्ता दिलेला नसेल, तर भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर नाही. आपल्याकडे तिकीट काढले जाते ते बाजारपेठेतल्या संगणकाच्या दुकानात, आणि दुकानदार सवयीने स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक घालतो. विमानाची वेळ बदलल्याचा निरोप रात्री अकरा वाजता त्याच्याकडे येतो. तो सकाळी दहाला दुकान उघडतो. तेव्हा दुकानात उभे राहून आपला क्रमांक, आणि शक्य तर घरातील दुसरा एक क्रमांक, आपल्या डोळ्यांदेखत घालून घ्यावा. तक्रार करावयाची झाल्यास आधी कंपनीकडे लेखी, नंतर सरकारच्या एअरसेवा या व्यवस्थेवर. तोंडी भांडणाची नोंद कोठेच राहत नाही.

आता वेळेचा हिशेब. तो नेहमी उलटा करावा, म्हणजे विमानापासून घराकडे. काकडीहून दुपारी दोनचे विमान आहे असे समजू. सामान घेण्याची खिडकी सामान्यतः तासभर आधी, म्हणजे एकला बंद होते; दोनला विमान आहे म्हणजे दोनपर्यंत पोहोचावयाचे नसते. पहिल्यांदा जाणाऱ्याने बाराला दारात असावे. संगमनेरहून वाट तासाभराची, म्हणून अकराला संगमनेर सोडावे. मोटार आधी ठरविलेली असली तरी बसस्थानकाबाहेरच्या गर्दीत ती सापडण्यास वेळ लागतो, म्हणून एस.टी. संगमनेरला साडेदहाच्या आत पोहोचली पाहिजे. अकोल्याहून ती पावणेदहाला सुटावयास हवी. पण ती एक रद्द झाली तर दुसरी असावी, म्हणून आपण नऊच्या गाडीसाठी थांब्यावर. राजूरच्या माणसाने आणखी एक तास, घाटघर-रतनवाडी-कुमशेतकडच्याने पावसाळ्यात आदल्या रात्रीच अकोल्यात यावे. ओढ्याला पूर आला तर तो विमानाची वेळ विचारीत नाही. ऊसाचा गळीत हंगाम असेल तर संगमनेरच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, अर्धा तास आणखी धरावा. दोनच्या विमानाला अकोल्यातून नऊला निघणे अनेकांना हास्यास्पद वाटते. परंतु काकडीहून त्या गावाला दिवसाचे कदाचित एकच विमान असते. मुंबईला चुकले तर दोन तासांनी दुसरे मिळते. छोट्या विमानतळावर चुकले तर उद्या, आणि काही वेळा परवा. विमानतळ जितके छोटे तितका वेळ सढळ ठेवावा. लोक नेमके याच्या उलट करतात. छोटे आहे, रांग नाही, म्हणून उशिरा निघतात.

छोट्या विमानतळाची आणखी एक खोड आहे. एकच विमान दिवसातून पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी पहिल्या फेरीला अर्धा तास गेला की तो शेवटच्या फेरीपर्यंत वाढत जातो, आणि छोट्या गावाची फेरी बहुधा मधली नाहीतर शेवटची असते. राखीव विमान अशा ठिकाणी उभे नसते. म्हणून पुढे जोड विमान असेल तर दिवसातली लवकरची फेरी घ्यावी. फक्त हिवाळ्यात पहाटेच्या धुक्याचा विचार करावा.

आणि मार्गच बंद होण्याचा धोका. सरकारची ‘उडान’ योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये आली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली, कडप्पा-हैदराबाद व आपल्याकडील नांदेड-हैदराबाद ही विमाने एकाच दिवशी सुरू झाली. तासाभराच्या उड्डाणाला ठराविक आसनांचे भाडे २,५०० रुपयांवर बांधलेले आणि कंपनीची तूट सरकारने तीन वर्षे भरावयाची, अशी ती रचना. तीन वर्षांनी तूट भरणे संपते आणि कंपनी हिशेब करते. नांदेडचे विमान ज्या ट्रूजेटने सुरू केले ती कंपनी २०२२ मध्ये थांबली. नाशिकला २०१८ साली दिल्लीचे विमान आणणारी जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली. अमेरिकेने १९७८ मध्ये विमानकंपन्यांवरील भाडे व मार्गांची बंधने उठविली, तेव्हा छोटी गावे तुटू नयेत म्हणून सरकारी मदतीची योजना त्याच कायद्यात घातली, आणि ती अजून चालू आहे. आपल्याकडे तीन वर्षांत गावाने पायावर उभे राहावे अशी अपेक्षा असते. एस.टी.ला कोणी असे विचारले असते तर १ जून १९४८ रोजी पुण्याहून आपल्या नगरला आलेली पहिली गाडी तीन वर्षांनी परत गेली असती. तेव्हा छोट्या विमानतळाहून सहा महिन्यांनंतरचे तिकीट काढताना तो मार्ग तेव्हा असेलच असे धरू नये, आणि दुसरे दार कोणते हे आधीच ठरवून ठेवावे.

आता रात्रीच्या मोटारीकडे, म्हणजे आमच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे.

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ तारखेला एका दिवसात हजारांहून अधिक. लोक विमानतळांवर झोपले, भाडी इतकी चढली की सरकारला त्यांवर मर्यादा घालावी लागली. कारण काय, तर वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्री विमान उतरविण्याच्या खेपा आठवड्यात सहावरून दोनवर आल्या. नियमाचा शेवटचा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू होणार हे आधीच ठाऊक होते. त्यासाठी पुरेशी माणसे नेमलेली नव्हती. पुष्कळांनी नियमाला दोष दिला, आणि तो तात्पुरता सैलही केला गेला. आम्ही नियमाच्या बाजूचे आहोत. डोळ्यांवर झापड असलेल्या माणसाच्या हातात दीडशे जीव देऊ नयेत.

परंतु तोच प्रवासी रात्री साडेनऊला काकडीला उतरतो, आणि ज्या मोटारीत बसतो तिच्या चालकाने पहाटे चारला दुसरे भाडे पुण्याला सोडलेले असते. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास व आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले होते. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. मात्र पाचांहून कमी कामगार असलेल्या धंद्याला तो मुळातच लागू नव्हता, आणि आपल्या गावची भाडोत्री मोटार म्हणजे एक मालक, तोच चालक, आणि बँकेचा हप्ता. त्याचे तास कोण मोजणार? ते प्रवाशानेच मोजले पाहिजेत. मोटार ठरविताना भाड्याच्या आधी विचारावे, ‘दादा, आज सकाळपासून किती चालविलीत?’ बारा तासांवर उत्तर आले तर दुसरा चालक पाहावा. रात्री दहानंतर उतरणार असाल तर संगमनेरला मुक्काम करून पहिल्या एस.टी.ने यावे, त्यात पैसेही वाचतात. २०२३च्या मार्चपासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. मुलाला पोहोचवावयास आई आणि आजी निघाल्या असतील, तर भाडोत्री मोटारीच्या रिकाम्या परतफेरीचे पैसे देण्यापेक्षा संगमनेरपर्यंत एस.टी. कितीतरी परवडते.

यावर कोणी म्हणेल, एस.टी.चा काय भरवसा, २०२१-२२च्या संपात ती सहा महिने बंद होती. होती. तो संप का झाला हे स्वतंत्र व्याख्यान आहे आणि ते आम्ही आनंदाने देऊ. परंतु एस.टी.चे मोल त्या सहा महिन्यांत तालुक्याला जितके कळले तितके एरवी कळले नसते.

शेवटी एक सूचना, आणि ती फार खर्चाची नाही. अकोले आगाराच्या सकाळच्या एका व दुपारच्या एका संगमनेर गाडीची वेळ काकडीच्या विमानांशी जुळवून घ्यावी, आणि त्यांना जोडून संगमनेरहून काकडीपर्यंत एक छोटी बस सोडावी. विमाने पंचवीस कोटींची की शंभर कोटींची, हा आपला प्रश्न नाही. ते शेवटचे किलोमीटर कोणी जोडून दिले तर ती विमाने राजूरच्या मुलीची होतात. तोवर निदान बसस्थानकाच्या भिंतीवर एक काळा फळा लावून त्यावर चारही विमानतळांच्या वेळा खडूने लिहाव्यात. संघटनेचे दोन कार्यकर्ते हे काम करावयास तयार आहेत. विमानांचे वेळापत्रक मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते, म्हणून फळा वर्षातून दोनदा तरी पुसावा लागेल. यंदाचे उन्हाळी वेळापत्रक नुकतेच लागले आहे.